तीसपैकी तीस

"अनुभव, शून्य," साहेब मोठ्यानं म्हणाले आणि हॉलमधले ठेकेदार हसले.

नगरमधलं सरकारी ऑफिस. शाळेच्या खोल्यांचं टेंडर. आधी अनुभव, यंत्रं, माणसं यांचे गुण द्यायचे. शंभरात साठ पडले तरच दराचा लिफाफा उघडायचा. ठेकेदारांत बाई मी एकटीच, आणि शून्यही मलाच. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि मागं माणसं उभी होती.

"ताई, हे पापड-लोणच्याचं टेंडर नाही," साहेब म्हणाले. पुन्हा हशा.

मग अण्णांचा नंबर आला. अण्णा म्हणजे आमच्या तालुक्यातले बडे ठेकेदार. त्यांच्या कामांचे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. पहिलाच फोटो बेलापूरजवळच्या एका दवाखान्याचा. परांचीवर थापी घेऊन माझे आप्पा उभे.

"उत्तम काम. तीसपैकी तीस," साहेब म्हणाले.

तो दवाखाना पायापासून गिलाव्यापर्यंत आम्ही उभा केला होता. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यापासून मी हेच करत आले. टेंडर अण्णांचं, काम आमचं. काम संपलं की अनुभवाचा दाखला अण्णांच्या नावाचा. जेवायला अण्णांची माणसं ओट्यावर, आम्ही बौद्धवाड्यातले खाली वाळूच्या ढिगाजवळ. मी काही बोलायला गेले की आप्पा डोळ्यांनी दटावायचे.

मी उठले. "साहेब, हा दवाखाना आम्ही बांधलाय. वर उभे आहेत ते माझे वडील."

"दाखला कुणाच्या नावाचा?"

मी बाकीच्या ठेकेदारांकडे पाहिलं. ज्यांच्या कामांवर मी राबले होते ते मोबाईल बघत बसले. एवढ्या माणसांत इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

जिन्यात अण्णांनी गाठलं. "पोरी, रुसू नगं. टेंडर मला लागलं तरी काम तूच करनार हायेस. आजवर गोडीनं चाललंय न्हवं? तुमी राबायचं, आमी टेंडर भरायचं."

"न्हाई, अण्णा. आता न्हाई."

आवाज चिरकला माझा. पण बोलले.

घरी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "नाव काय चाटायचंय? गवंडी काय खातील?" सकाळी थापी, ओळंबा पिशवीत घालून ते अण्णांच्या गाडीत बसले. मागोमाग आमची गवंड्यांची सगळी टोळी गेली. आप्पांचा संताप आला. त्यांचं वाकलेलं पाठमोरं अंग बघून रडूही आलं.

सध्या मी वस्तीच्या स्मशानाची भिंत बांधतेय. फुटकळ काम, अनुभवाची अट नाही, दुसऱ्यांदा टेंडर निघालं तरी आणखी कुणी भरलं नाही. मी भरलं. नागापूरच्या नाक्यावरून अनोळखी मजूर आणते, सिमेंट-वाळूचा माल मीच कालवते. दुपारी भाकरी खायला सोबत कुणी नसतं. संध्याकाळी अण्णांची गाडी त्याच रस्त्यानं जाते. आप्पा खाली बघतात.

बघू देत. या भिंतीचा दाखला माझ्या नावानं निघेल. तो घेऊन मी त्या साहेबांपुढं उभी राहणार. गुण कमी पडले तर आणखी बांधणार, परत जाणार. माझ्या हातची एक वीटही आता दुसऱ्याच्या नावावर चढणार नाही. आप्पा जन्मभर माझ्याशी बोलले नाहीत तरी.