सोनकांबळे बाईंचा आधीचा घास

सोनकांबळे बाई पाहुण्याच्या आधी जेवायच्या. ताटं वाढून झाली, पाहुण्यानं हात पुढे केला, की त्या म्हणायच्या, "थांबा जरा." मग आपल्या ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा घास नाकाजवळ न्यायच्या, तोंडात घालायच्या आणि थोडा वेळ भिंतीकडे बघत बसायच्या. पाहुणा हात आखडून बसलेला. मग त्या म्हणायच्या, "हाव, जेवा आता." पहिल्यांदा हे बघणाऱ्याला आपला अपमान झाल्यासारखं वाटायचं. ऑफिसात त्यांना मागून हावरट म्हणायचे.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा माझी उस्मानाबादहून तिकडे बदली झाली. आरोग्य खात्याचं ऑफिस एका भाड्याच्या घरात भरायचं. टेबलं कमी, म्हणून एका टेबलाला दोघी. माझ्यासमोर बाई बसायच्या. त्या आरोग्य सहायिका. मूळच्या नांदेड जिल्ह्यातल्या, लोह्याकडच्या एका खेड्यातल्या. घर बौद्धांचं, आणि त्या घरातली दहावीच्या पुढे गेलेली ही पहिली मुलगी. विहिरीत औषध टाकायचं, जत्रेतली खाण्याची दुकानं बघायची, साथ आली की गावात मुक्काम करायचा, असं त्यांचं काम. पहिल्याच दुपारी त्यांनी मला न विचारता माझा डबा उघडला, भाजीचा वास घेतला, एक फोड तोंडात टाकली आणि डबा माझ्याकडे सरकवला. "वांगं आजचंच हाय. खा." मी संतापले होते. महिनाभरात मला त्याची सवय झाली, आणि त्या फिरतीवर गेल्या की डबा उघडताना चुकल्यासारखं वाटू लागलं.

एकदा चाकूरजवळच्या गावात आम्ही लसीकरणाला गेलो होतो. तिथे लग्न होतं, पाटलांनी आग्रहानं जेवायला थांबवलं. पंगत बसली, बासुंदीची पातेली आली. बाईंनी पळीभर बासुंदी घेतली, नाकाजवळ नेली आणि ती पळी खाली ठेवली. पाटलांना म्हणाल्या, "ही वाढू नका. फाटली न्हाई अजून, पर गेली हाय." मागून कोणीतरी म्हणालं, "हिनं हात लावला म्हणून आता आम्ही टाकायची का?" बाईंनी मागे वळूनही बघितलं नाही. पाटलांकडेच बघत म्हणाल्या, "माझ्या हाताचा इटाळ धरा तुमी. कायबी धरा. पर बासुंदी टाका." पाटलांनी स्वतः एक घोट घेतला, आणि बासुंदी उकिरड्यावर गेली. परतताना एसटीत मी विचारलं, "बाई, तुम्हाला राग येत नाही?" त्या म्हणाल्या, "लेकरं बसली होती ना पंगतीला. नाक आधी बोलतंय, पोट मागून. नाकाचं ऐकलं तर पोटाला बोलायची पाळी येत न्हाई." हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की अजून स्वयंपाकघरात ते कानात वाजतं.

मासे मात्र त्यांनी कधी खाल्ले नाहीत. उदगीरला एका डॉक्टरांनी प्रेमानं माशाचं कालवण केलं होतं. बाई ताटावरून उठल्या आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. नांदेडला गोदावरीच्या काठी मासळी विकायला बसतात, तिथून रिक्षा निघाली की त्या पदरानं नाक दाबून डोळे मिटायच्या. ती नुसती किळस असेल, असं मला वाटायचं.

निवृत्तीनंतर बाई नांदेडला मुलाकडे राहायला गेल्या. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "सरोज, नळाकडं बघत बसू नकोस. इकडं ये." मी गेले. त्यांचा सिद्धार्थ इंजिनियर, सून प्रज्ञा बँकेत. प्रज्ञाला दिवस गेले होते. पुण्यात नोकरीला असताना तिला सुशीची चटक लागली होती, आणि नांदेडात नवीन निघालेल्या हॉटेलात सुशी मिळते असं तिला कोणीतरी सांगितलं. सिद्धार्थनं हौसेनं आम्हा सगळ्यांना रविवारी दुपारी तिथे नेलं. सुशी म्हणजे काय, ते त्यानं गाडीत सांगितलं. आंबवलेला नाही, नुसता आंबट केलेला भात, आणि त्यावर माशाचा तुकडा. कच्चा. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

हॉटेलात गार हवा, मंद गाणी. सिद्धार्थनं सुशी मागवली. बाईंनी वेटरला थांबवलं. "मासा कवाचा हाय?"

"एकदम फ्रेश आहे मॅडम. आजचाच."

"नांदेडात समुद्र कवा आला?"

वेटर हसला. बाई हसल्या नाहीत. "बनवणाऱ्याला बोलीव," म्हणाल्या.

"आई, प्रत्येक ठिकाणी हेच," सिद्धार्थ दबक्या आवाजात म्हणाला. प्रज्ञा मेनूकार्डात डोकं घालून बसली. आजूबाजूची टेबलं आमच्याकडे बघत होती.

आचारी आला. तिशीचा असेल, मुंबईत काम शिकलेला. बाईंनी त्याला शेजारच्या खुर्चीवर बसायला लावलं. मासा कुठून येतो, नुसत्या बर्फात येतो की दगडासारखा गोठवून, इथे कुठे ठेवता, कच्च्याची सुरी आणि शिजलेल्याची सुरी वेगळी आहे का, एकेक विचारत गेल्या. तो नीट उत्तरं देत होता. कच्चा खायचा मासा आधी कडक गोठवलेलाच लागतो, त्यानं त्यातले किडे मरतात, म्हणाला. बाई म्हणाल्या, "किडे मरत्यात. बाकीचे रोग मरत न्हाईत. ते निसते झोपत्यात. मधी लाईट किती येळ गेली?"

त्यानं एकदा काउंटरकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काल दुपारी गेली होती, मावशी. जनरेटर लवकर चालू झाला नाही. मासा थोडा मऊ झाला होता, मग पुन्हा गोठला. मालक म्हणतात, काही होत नाही." प्रज्ञाकडे बघून तो म्हणाला, "आणि ताईंना तर मी कच्चं दिलंच नसतं. गरोदरपणात खाऊच नये. तुम्हाला काकडीची करून देतो. कोळंबी वाफवून देतो, समोर गरम करून."

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "खरं बोललास. जा, कर. आन् ते कच्चं कोणालाच देऊ नकोस आज."

"नाही देणार," तो म्हणाला.

सुशी आली. काकडीची, कोळंबीची. बाईंनी एकेक उचलून वास घेतला. कोळंबीजवळ त्यांनी एकदा पदर नाकाशी नेला. तरी त्यांनी ती तोंडात घातली, गिळली, आणि भिंतीकडे बघत बसल्या. सिद्धार्थ आता चिडला होता. "बस झालं, आई. तू विष तपासतेस का आमच्यासाठी?"

"हाव," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, पाणी प्यायल्या नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या गावचं तळं आटलं. राहिलेल्या चिखलात मासे तडफडत होते, काही उलटे झाले होते. सगळं गाव टोपल्या घेऊन धावलं. त्यांच्या आईनं आणलेले मासे सकाळी शिजवले आणि खडी फोडायला गेली. सांजेला ताटलीत वाढलं तेव्हा विमलला, म्हणजे बाईंना, त्याचा वास आला. लहान भाऊ मिलिंद शेजारी बसला होता, त्याची ताटली चाटून झाली होती.

"मला वास आला. मला खावं वाटंना. टाकावं तर आय मारंल. म्हणून माझी ताटली मिल्याच्या म्होरं सारली. त्यो खूश झाला. भाकरीनं पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यो गेला. उलट्या अन् जुलाब. आय सगळ्यांला सांगायची, माझ्या पोरीनं सोताच्या तोंडचा घास भावाला दिला वो. सगळ्या बाया माझ्या तोंडावरून हात फिरवायच्या. मी फिरवू दिला."

प्रज्ञा रडत होती. सिद्धार्थ म्हणाला, "आई, तू लहान होतीस. आणि त्या वर्षी पाणीही तसंच होतं. पाण्यानंही झालं असेल."

"आसंल की. मी पुढं जाऊन हेच शिकले ना. पाण्यानं झालं का माशानं, आता कोण सांगनार? आय मरूस्तोर तेच बोलत ऱ्हायली. मी तिला खरं सांगितलं न्हाई." त्यांनी प्रज्ञाकडे ताटली सरकवली. "खा बाळा. गार करू नकोस. आन् उरलं तर घरी न्यायचं न्हाई."

आम्ही खाल्लं. चव काय होती, मला आठवत नाही.

नंतर प्रज्ञाला मुलगी झाली. ती चालायला, बोलायला लागली, आणि मग साथ आली. बाई तापानं आजारी पडल्या, आणि बऱ्या झाल्या तेव्हा त्यांचं नाक गेलं होतं. प्रज्ञा फोनवर म्हणाली, "आई आता गुपचूप जेवतात हो. काही तपासत नाहीत." रस्ते मोकळे झाल्यावर मी नांदेडला गेले. बाई पलंगावर बसल्या होत्या, बारीक झालेल्या.

"सरोज, कशाचाच वास येत न्हाई बघ. मोगरा न्हाई, फिनेल न्हाई, नातीच्या केसांचा न्हाई. एकच येतो. दिवसभर."

कोणता, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "तळ्याचा."

असं होतं कधीकधी, मी म्हणाले. डॉक्टर औषध देतात, महिन्या-दोन महिन्यांत जातो असा भास. मी आरोग्य खात्यातली बाई बोलावी तसं बोलत राहिले. त्या ऐकून घेत होत्या.

"मिल्याचा फोटू न्हाई आमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "तवा कुठला फोटू. मी त्याचं तोंड इसरत चालले होते, सरोज. कपाळ कसं होतं, दात कसे होते, कायबी आठवंना. आता वास आला की दिसतंय. ताटलीवर वाकलेलं डोकं दिसतंय. भाकर धरलेली बोटं दिसत्यात."

त्याच वर्षी पावसाळ्यात बाई झोपेत गेल्या. मी पोचले तेव्हा घरात माणसं जमली होती, वंदना चालू होती. नंतर प्रज्ञानं मला आतल्या खोलीत नेलं आणि त्यांच्या उशाशी असलेली एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. नाकात घालायचे थेंब होते, तो वास जावा म्हणून डॉक्टरांनी उन्हाळ्यातच लिहून दिलेले. रोज विचारलं की आई म्हणायच्या, घातले, असं ती म्हणाली.

मी बाटली उजेडात धरून बघितली. झाकणाचं सील तसंच होतं.