माणसाआधी यंत्र मोजणारे उपळेकर सर

उपळेकर सरांची आणि माझी पहिली भेट पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या त्यांच्या छोट्या कार्यालयात झाली. मी नुकतीच अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. घरातली मी पहिलीच पदवीधर, त्यामुळे मुलाखतीला आईही ओवे गावाहून सोबत आली होती. सरांनी तिला बाहेर बसू दिलं नाही. दोघींना चहा दिला आणि टेबलावर लोखंडी गुण्या ठेवून मला विचारलं, "हा नेमका काटकोनात आहे का? कसं ओळखशील?"

"याच्याहून चांगल्या गुण्याशी ताडून बघेन."

"आणि तो चांगला आहे हे कोण सांगणार?"

सरांनी कागदाच्या सरळ कडेला गुण्या लावून एक रेघ मारली. मग तोच गुण्या उलटा धरून त्याच बिंदूतून दुसरी मारली. दोन रेघांमध्ये बारीक फट दिसली.

"उलटून बघितलं की चूक दुप्पट दिसते. दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही," सर म्हणाले.

आई इतका वेळ निरखून बघत होती. "सर, मंग आता हा फेकून देनार?"

"छे हो! किती वाकडा आहे ते कळलं ना? आता तो कामाचा झाला."

आमचं सगळं काम त्या एका वाक्यात आहे, हे सरांकडे नोकरीला लागल्यावर मला हळूहळू उमगलं. सीएनसी यंत्र संगणकाच्या आज्ञेने चालतं, पण त्याला सरळ जा म्हटलं तरी ते केसाच्या अंशाइतकं इकडेतिकडे सरकतं. लेझरने तो फरक मोजायचा आणि यंत्राच्या कंट्रोलरमध्ये भरायचा, म्हणजे यंत्र स्वतःच तेवढं सावरून घेतं. पनवेल परिसरातल्या कितीतरी कारखान्यांची यंत्रं सरांनी अशी मार्गी लावली. मात्र सरांचा मोठेपणा मला कळला तो पळस्प्याच्या एका शेडमध्ये.

तिथले मालक जनार्दनशेठ. स्वतःच्या भातखाचरावर भराव घालून त्यांनी कारखाना उभा केलेला. पंपाच्या झाकणावर पाडलेली भोकं तिरकी येत होती, माल परत येत होता. आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र चालवणारे किसनदादा भिंतीला टेकून खाली मान घालून उभे होते.

"सर, मशीन नवीन हाय," शेठ म्हणाले. "याचाच हात खराब हाय. उद्यापासून येऊ नको म्हनून सांगितलंय त्याला."

"सांगितलंत? मग आजचा दिवस आहे आपल्याकडे," सर म्हणाले आणि मला पेटी उघडायला लावली.

आम्ही बॉलबार लावला. दोन्ही टोकांना गोळे असलेला हा दांडा यंत्राबरोबर गोल फिरतो आणि यंत्राने खरोखर कसा आकार काढला ते पडद्यावर दाखवतो. किसनदादांनी बटण दाबलं. वर्तुळाऐवजी पडद्यावर तिरकं अंडं उमटलं.

"बघा! मी काय बोललो?" शेठ गरजले.

"किसनराव, तुम्ही चहा घेऊन या," सर शांतपणे म्हणाले. "शेठ, आता बटण तुम्ही दाबा."

"मी? आमी कुठं मशीन चालवतो!"

"दाबा तरी."

शेठनी दाबलं. तेच अंडं, त्याच बाजूला कललेलं. सरांनी उलट्या दिशेने फिरवायला लावलं, तरी तेच.

सर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "शेठ, तुमचाही हात खराब निघाला की!"

शेडमधले सगळे हसले. क्षणभराने शेठही पोट धरून हसू लागले.

पातळी तपासल्यावर कारण सापडलं. भराव एका कोपऱ्यात खचला होता आणि यंत्राच्या पायाला पीळ पडला होता. शेठ घाईला आले. "मंग टाका ना आकडे कंट्रोलरमध्ये, आनि सर्टिफिकेट द्या. मशीन बंद ठेवायला परवडनार नाय."

सरांनी नकार दिला. "आज आकडे टाकीन, माल चांगला निघेल. जमीन आणखी बसली की तेच आकडे चुकतील, आणि तुम्ही पुन्हा याच माणसाला घरी पाठवाल. आधी पाया. सुट्टीच्या दिवशी मी स्वतः येतो."

सत्तरी ओलांडलेले सर रविवारी खरोखर आले, आणि किसनदादांनाही त्यांनी बोलावून घेतलं. खचलेला कोपरा खडी भरून, ठोकून पक्का करून घेतला, मग जमिनीवर आडवं होऊन पातळी दाखवणाऱ्या नळीतल्या बुडबुड्याकडे बघत एकेक बोल्ट फिरवून घेतला. त्यानंतर लेझर लावून उरलेला फरक मोजला, तो कंट्रोलरमध्ये भरला, आणि पुन्हा मोजलं. भरलेले आकडे पुन्हा मोजून पाहिल्याशिवाय सर सही करत नाहीत, हे आम्हां शिष्यांना पाठ आहे. पडद्यावर या वेळी वर्तुळ उमटलं.

शेठनी त्या वर्तुळावरून बोट फिरवलं. मग मागे न वळताच म्हणाले, "किसन, उद्या जरा लवकर ये रे. माल अडलाय." किसनदादांनी "व्हय" म्हटलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

सामान आवरायला खाली बसलेल्या सरांना मात्र जमिनीवरून उठता येईना. एका बाजूने शेठनी आणि दुसऱ्या बाजूने किसनदादांनी हात दिला. "मशीन सरळ झाली, आता मला करा," सर म्हणाले, आणि शेडमध्ये पुन्हा हशा पिकला.

पंचाहत्तरीच्या या आनंदाच्या वेळी सरांसाठी माझं एवढंच मागणं आहे. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि माणसावर ठपका ठेवण्याआधी यंत्र मोजायला लावणारा त्यांचा आवाज आम्हांला पुढची अनेक वर्षं ऐकायला मिळो. खाली वाकण्याचं काम आता आमच्यावर सोपवा, सर. तुम्ही खुर्चीत बसून आमच्या चुका काढा.