धारूरच्या वाटेवर मावळणारा तारा

नगरकडून निजामाच्या मुलखात शिरताना करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर शिपायाने माझी दुर्बीण जप्तच केली असती. "ये छोटी तोप है क्या?" मी त्याला टेकडीवरची शेळी दाखवली. मग टेकडीवरच्या सगळ्या शेळ्या बघून होईपर्यंत त्याने आम्हाला सोडले नाही. आकाशात अचानक एक नवा तारा उगवला होता. तो धारूरच्या डोंगरावरून नीट पाहावा, एवढ्यासाठी माझा हा खटाटोप.

घाट चढता चढता बैलगाडीचा आख मोडला. गाडीवान सुतार शोधायला गेला आणि मी जवळच्या धनगरवस्तीवर पाहुणा झालो. तिथल्या धोंडाबाईंनी ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि मेंढीचे दूध पुढे ठेवले. दुधाला उग्र वास होता, पण भुकेपुढे तो चालून गेला.

दिवेलागण झाली, चांदण्या उमटल्या. बाईंनी अंगणातल्या पणतीत तेल घातले आणि वर पाहिले. तोच माझा तारा! पण चांगलाच फिका पडलेला.

"दादा, ही चांदणी कावून बारीक व्हायली? मी त्याल तर रोज घालते."

हळूहळू उलगडा झाला. त्यांचे कारभारी (नवरा) मेंढरे घेऊन लांब गेले आणि तिकडेच वारले. खबर यायला महिना लागला. माणूस गेल्यावर दहा दिवस घरात दिवा तेवत ठेवतात, तो काही यांच्या हातून लागला नाही. खबर आली त्याच सुमारास ही चांदणी दिसली. हाच त्यांचा दिवा, असे बाईंनी धरले. आता तो आपल्याच चुकीने मंदावतोय, या विचाराने त्या खचल्या होत्या. मला फार वाईट वाटले.

"मावशी, तुमचं तेल कमी पडलं नाही," मी म्हणालो. "तारेही जन्मतात, जळतात, विझतात. हा म्हातारा झालेला तारा असावा, जाता जाता भडकला. तेही आज नव्हे, तुमची पणजी जन्मायच्या आधी. उजेड फार लांबून येतो, म्हणून आपल्याला आत्ता दिसला."

त्यांनी पणतीची वात जरा पुढे सारली.

"म्हंजी खबर उशिरा आली. आमच्यावानी."

"होय."

"कारभारी तिकडं कवाच गेलते, अन् मी हितं रोज त्यांच्या नावाचं कुंकू लावीत व्हते. बाया म्हन्त्यात, ते कुंकू खोटं." त्यांनी वर बोट केले. "ह्यो उजेड खोटा हाय का, दादा?"

"नाही मावशी. उजेड खरा आहे."

पणतीतले तेल संपेपर्यंत त्या तिथेच बसून राहिल्या. पुन्हा काही त्यांनी घातले नाही.

घरी परतलो तोवर तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला होता. काय पाहिलेस, असे मित्र विचारतात. मी ताऱ्यापासून सुरुवात करतो आणि दर वेळी त्या कुंकवाशी येऊन थांबतो.