फोल्डरमधली यादी

उकडलेल्या धानाचा वास आला की गोंदियातलं, राईस मिलच्या मागचं आमचं दोन खुर्च्यांचं वेबसाइटचं ऑफिस आठवतं. नेट सारखं जायचं, म्हणून सरकत्या चित्रांचा स्लायडर, मेन्यू, कॅलेंडर अशा दुसऱ्यांनी लिहिलेल्या फायली माझी सहकारी एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवायची आणि कोणती कुठून आणली, कोणत्या व्हर्जनची, हे सारं यादीत लिहायची. ऑफिसचे मालक मला म्हणायचे, "उसका फोल्डर देख, कुछ सीख." माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा ती जेवायला गेली तेव्हा मी तिची एक फाईल काढून त्याच नावाने न जुळणारं नवं व्हर्जन टाकलं. संध्याकाळी मिलवाल्या शेठला त्याची वेबसाइट दाखवताना तिचा स्लायडर हललाच नाही. ती घाबरली नाही. तिने यादीशी फाईल ताडून पाहिली, सीडीवरून जुनी परत टाकली, आणि शेठ गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "टाकाची होती तं सांगून टाकाची ना. कायले जळून राहिला?" दुसऱ्या दिवशी मालकांनी यादी उघडायला लावली. त्या फाईलपुढे तिने लिहिलं होतं, 'माझ्याकडून चुकून बदलली.' तिच्या हुशारीचा हेवा केव्हाच ओसरला. त्या 'माझ्याकडून'चा मात्र अजून वाटतो.