जुन्या शर्टाचं माप

मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण गिऱ्हाइकांना पाठ होता: जुन्या कपड्यावरून माप घेणार नाही. कुणी घडी घातलेला शर्ट समोर ठेवून "अगदी असाच शिवा" म्हणालं, की मास्तर तो दोन बोटांनी बाजूला सारायचे. हा शर्ट शिवला तेव्हाचा माणूस वेगळा, समोर उभा आहे तो वेगळा. पोट सुटतं, खांदे उतरतात आणि बोल मात्र शिंप्याला लागतो. मग गिऱ्हाईक कुरकुरत का होईना, हात पसरून उभं राहायचं.

असा हा मापाचा पक्का माणूस वेलगुलाब निवडताना सपशेल चुकला.

निवडायची वेळ आली बायकोमुळे. दुकानामागच्या खोलीत बसून इतकी वर्षं काजं तिनेच केली, बटणं तिनेच लावली. हळूहळू सुईत दोरा जाईना. चष्मा बदलून झाला, दिवा बदलून झाला, मग डॉक्टरांनी सांगितलं की नजर अशीच कमी होत जाणार आणि यावर औषध नाही. त्या दिवसापासून घरात 'डोळा' हा शब्दच कुणी काढीना. मराठी माणसाला हे सोपं नाही. त्याचा दुपारी डोळा लागतो, शेजाऱ्याची भरभराट त्याच्या डोळ्यांवर येते, नको तिथे तो कानाडोळा करतो. मास्तर बोलता बोलता अडखळायचे आणि वाक्य भलतीकडे वळवून न्यायचे. ते बायकोला कळत होतं, पण तीही ताकास तूर लागू देत नव्हती.

तिला लाल गुलाबाचं फार वेड. नव्या संसारात, थंड हवेच्या गावी असताना, शेजारच्या फाटकावर तसा वेल होता, आणि ती भाजी निवडायला मुद्दाम त्या बाजूच्या पायरीवर बसायची. मास्तरांनी मनाशी ठरवलं, दिसतंय तोवर तिला आपल्या दारात लाल भिंत दाखवायची. नर्सरीत जाऊन त्यांनी थेट लाल वेलगुलाबाच्या चित्रावर बोट ठेवलं. नर्सरीवाल्या बाईने विचारलं, भिंत कुठल्या अंगाची, ऊन कधी येतं? मास्तर म्हणाले, भिंतही आहे आणि ऊनही आहे, तुम्ही रोप द्या.

रोप लागलं पश्चिमेच्या भिंतीला. ती दुपारभर तापायची आणि दिवेलागणीनंतरही हात ठेववत नसे. गुलाबाची जात थंड हवेची. कळ्या आल्या, पण पाकळ्यांच्या कडा गरम इस्त्री लागल्यासारख्या करपल्या आणि उन्हाळा सरायच्या आत वेल वाळला. कीड लागली, असं मास्तरांनी बायकोला सांगितलं. बिचाऱ्या किडीचा त्यात काही दोष नव्हता.

दुसऱ्यांदा गेले ते शहाणे होऊन. शिवणाच्या खडूने त्यांनी घराच्या चारी भिंतींवर उन्हाच्या रेघा मारून पाहिल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर सकाळचं ऊन होतं, दुपारी सावली. बाई खूश झाली आणि तिने इथला उन्हाळा सोसणारा वेल दाखवला: फुलं लहान, फिकट, जवळजवळ पांढरी, पण वास खोलीभर पसरणारा आणि काटे नावापुरते. मास्तर लाल रंगावर अडून बसले. गडद लाल इथे करपणारच, बाई म्हणाली, आणि सहज विचारून गेली की रंग एवढा कोण बघत बसणार आहे. मास्तर रिकाम्या हाताने परत आले.

बायको बटणांचा डबा मांडीवर घेऊन चाचपून बटणं वेगळी करत होती. काय मिळालं, तिने विचारलं. मास्तरांनी सगळं सांगितलं, फक्त बाईचं शेवटचं वाक्य गाळलं.

"वास चांगला आहे म्हणता?"

"वास आहे गं. पण रंगच नाही त्याला. तुला लाल आवडतो."

"आवडायचा." तिने डबा खाली ठेवला. "अहो, तुम्ही जुन्या शर्टावरून माप घेताय माझं."

ती उठली आणि गिऱ्हाईक उभं राहतं तशी दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आता घ्या नीट."

मास्तरांना रडू आलं. ते लपवायची गरज नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

फिकट वेल खिडकीबाहेर लागला. फांदी आडवी बांधली तर जागोजागी फुटते, असं बाईने सांगितलं होतं. मास्तर फांदी धरायचे आणि बायको कापडाच्या कतरणी बांधायची, गाठ सैल पण न सुटणारी. फांदी खिडकीच्या टोकाला पोचली तोवर तिला खिडकीतला नुसता उजेड कळत होता.

एका सकाळी ती फांदीवरून बोट फिरवत होती. काज शिवताना फिरवायची तसंच, सावकाश.

"इथे डोळा फुटलाय," ती म्हणाली.

मास्तर जागच्या जागी थांबले. फांदीच्या कोंबालाही तोच शब्द, आणि तो त्या घरात किती दिवसांनी आला होता. तिचं बोट पुढे सरकलं.

"इथेही आहे. बघा ना."

मास्तर वाकले, पण त्यांना नुसती हिरवी फांदी दिसत होती. ते चष्मा आणायला आत गेले. परत येईपर्यंत तिने बोट तिथून हलवलं नाही.