छातीशी थांबलेलं पाणी

कोणत्याही कॉम्प्युटरसमोर बसल्या की बाई आधी आवाज बंद करत. "कान लागले की डोळे आळशी होतात," असं त्यांचं म्हणणं. असं म्हणणारी माणसं तुमच्याही पाहण्यात फारशी नसतील. रावेरजवळच्या कर्णबधिर मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. मी जळगावच्या एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर. बातमीच्या निमित्ताने तिथे जाणं होई.

बाई मूळच्या शिंदखेड्याच्या. मुलींशी हातांनी बोलत, आमच्याशी पुस्तकी मराठीत आणि कॉम्प्युटरशी अहिराणीत. "काब्र अडकस रे?" हा जाब दारातूनच ऐकू येई.

तो अडके, कारण दहावीचे धडे खुणांच्या भाषेत, हाय डेफिनिशन व्हिडिओत आले होते आणि शाळेचं मशीन जुनं होतं. चित्र थोडं चाले, थबके, मग उडी मारी.

सराव परीक्षेत वर्गातल्या सगळ्या मुलींनी एकच उत्तर लिहिलं: बाष्पीभवनात पाणी वर जातं, मध्ये थोडं थांबतं, मग पुन्हा वर जातं. बाईंनी ते खुणेने करून दाखवायला सांगितलं. सगळ्यांचे हात फडफडत छातीपर्यंत आले, थांबले आणि एकदम डोक्यावर गेले.

व्हिडिओ नेमका तिथेच अडकत होता.

बाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "दिसलं ते लिहिलं पोरींनी. आणखी काय काय असंच शिकल्या असतील?" एका मुलीचे वडील केळीच्या पॅकिंगला जात. दहावीत नापास झाली तर तिलाही तिकडेच नेणार, हे त्यांनी शाळेत सांगून ठेवलं होतं.

जळगावहून दुरुस्तीवाला आला. त्या दिवशी मी तिथेच होतो.

"बाई, नवीन घ्या. गाडं थकलं."

"गाडं राहू द्या भाऊ, बैल बदलून पाहा."

त्याने चित्राचा दर्जा उतरवला. व्हिडिओ सुरळीत धावला. तो बॅग उचलू लागला.

"बसा. किती बोटं दाखवतेय ती पडद्यावरची?"

तो पडद्याला नाक लावून म्हणाला, "दोन... तीन असतील."

"असतील? पेपरात असंच लिहू द्यायचं का?"

तो बसला. "आधी बठ्ठं, सगळंच बंद करा," बाईंनी फर्मावलं. ब्राउझर बंद झाला, अँटीव्हायरसची तपासणी थांबली, धडा पेनड्राइव्हवरून मशीनमध्ये उतरवला. थोडा फरक पडला. मग खरं कारण सापडलं. धडे नव्या पद्धतीने दाबून बसवलेले होते. फाइल लहान, पण उलगडायला जड. ती पद्धत चित्र उलगडणाऱ्या जुन्या ग्राफिक्स चिपला ठाऊक नव्हती, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येत होता. दुरुस्तीवाल्याने एक धडा, चित्र तेवढंच ठेवून, जुन्या पद्धतीत बदलला आणि प्लेअरमध्ये ते काम ग्राफिक्सकडे दिलं.

"म्हणजे हेडमास्तर घंटा वाजवत होते, आता शिपाई वाजवतो," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा व्हिडिओ लावला. पडद्यावरचे हात न थांबता वर गेले, बोटं वेगवेगळी दिसली. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. पॅकिंगवाल्याच्या मुलीने उठून बाईंसमोर हात नाचवले. बाईंनी मला अर्थ सांगितला: "म्हणतेय, पहिल्या धड्यापासून लावा."

तसंच झालं. बाईंनी एकेक धडा बदलून घेतला आणि सगळे पुन्हा शिकवले.

ती मुलगी पास झाली, बाकीच्याही झाल्या. त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन शिंदखेड्याला गेल्या. निकालाच्या बातमीसाठी मला त्यांचा फोटो हवा होता. शाळेच्या क्लार्कने मशीन सुरू केलं आणि मान हलवली.

"स्नेहसंमेलनं, सहली, सगळं यातच होतं. धडे बदलल्यावर फाइली फुगल्या, जागा पुरेना. बाईंनीच पुसले फोटो. मी म्हटलं, बाई, तुमचाच एखादा तरी ठेवा. तर म्हणे, माझ्यावर कुठे प्रश्न येतो?"

तोवर नव्या दहावीच्या मुली धड्यासाठी त्याच पडद्यासमोर येऊन बसल्या होत्या. मी त्यांचा फोटो काढला. बातमीसोबत तोच छापून आला. बाई त्यात नाहीत.