वाइनमामा

आमच्या घराण्यात कुणी दारूला कधी शिवलं नाही, आणि तरी माझ्या धाकट्या मामाला सगळे पाहुणेरावळे वाइनमामा म्हणायचे. दोष त्याचाच. एका साखरपुड्याला कपाळभर भस्म लावून पंगतीत बसला होता आणि शेजारच्या पाहुण्याला मोठ्यानं सांगत होता, "आदी वाइन टाकायची. वाइन टाकल्याबिगर काय मजा न्हाय." शेंगाचटणी वाढणारी बाई चमचा धरून जागच्या जागी थांबली. वाइन हे एका सॉफ्टवेअरचं नाव आहे, विंडोजसाठी केलेले गेम लिनक्सच्या कॉम्प्युटरवर चालवायला ते लागतं, असं मी भर पंगतीत समजावून सांगितलं. पण ऐकतो कोण? नाव पडायचं ते पडलंच.

कॉम्प्युटर म्हणजे तरी काय, एक डबडं. मामाच्या थोरल्या भावाचा, म्हणजे अण्णांचा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता. मामा तिथं डिझाइनं करायचा. डिझाइनचा जुना कॉम्प्युटर अण्णांनी भंगारात द्यायला सांगितला, तो मामानं स्कूटरवर पुढ्यात ठेवून घरी आणला. विंडोज त्याला झेपेना, म्हणून त्याजागी लिनक्स ही हलकी, फुकटची सिस्टीम टाकली. आणि त्यावर या माणसाला ट्रक चालवायचा गेम खेळायचा होता, जो लिनक्ससाठी केलेलाच नव्हता. शहाण्या माणसानं नाद सोडला असता.

मामानं सोडला नाही. पहिल्यांदा गेम सुरू झाला तेव्हा मी होतो. रस्ता होता, झाडं होती, ट्रकही होता, पण ट्रकला चाकं नव्हती. जमिनीपासून हातभर वर तो तरंगत चालला होता आणि आभाळ जांभळं झालं होतं. मी म्हटलं, मामा, हे काय? तो खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "चालतंय की." हे त्याचं पालुपद. भाजीत मीठ नसलं तरी चालतंय की, पाणी चार दिवसांनी आलं तरी चालतंय की. मग कुठं कुठं इंग्रजीतलं वाचून, तोंडातल्या तोंडात पुटपुटत, त्यानं एकेक चाक जागेवर आणलं. सगळी चाकं रस्त्याला टेकली त्या दिवशी अख्ख्या गल्लीला फुटाणे वाटले. कशाबद्दल, ते कुणाला कळलं नाही.

हा खटाटोप खरं तर सुमासाठी होता. सुमा त्याची एकुलती एक मुलगी. मामी ती शाळेत असतानाच गेली, त्यामुळे बापलेक दोघंच. कॉलेजला गेल्यावर सुमाला लॅपटॉप मिळाला आणि तिला हा गेम आवडायचा, म्हणून मामाला तो हवा होता. एका खोलीत ती, दुसऱ्या खोलीत हा, आणि गेममध्ये दोघांचे ट्रक एकामागं एक परदेशातल्या कुठल्या तरी रस्त्यावर. पुढं कुणी जायचं यावरून भांडण, तेही भिंतीपलीकडून ओरडून, निम्मं मराठीत, निम्मं कन्नडमध्ये. त्या घरात मी जेवढा हसलो, तेवढा माझ्या घरात हसलो नाही.

आता अण्णांचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. वडील गेल्यावर अण्णांनी मामाला वाढवलं, शिकवलं, कारखान्यात घेतलं. मामा त्यांच्यासमोर कधी खुर्चीत बसला नाही. पन्नाशी ओलांडली तरी हात मागं बांधून उभा. अण्णांनी पूर्व म्हटलं की पूर्व. मला याचा भयंकर राग यायचा. एकदा मी चिडून म्हणालो, मामा, तुला कणा आहे की नाही? तर म्हणाला, आहे की, अण्णांनीच दिलाय.

सुमानं पुण्यात नोकरीत असताना लग्न केलं. मुलगा सोलापूरचाच, चांगला, पण तेलुगू बोलणाऱ्या दुसऱ्या समाजातल्या घरचा. अण्णांनी मामाला समोर उभं केलं आणि त्याला स्वतःच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवायला लावून शब्द घेतला. तिच्या दारात जायचं नाही, फोन करायचा नाही, तिच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, आणि ती या घरात येणार नाही. मामानं शब्द दिला. मी तिथं असतो तर काय दिवे लावले असते, देव जाणे. पण मामानं दिला, हे खरं.

काही महिन्यांनी एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो तर स्वारी गेम खेळत होती आणि चेहरा उजळलेला. पुढं एक ट्रक चालला होता. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी अक्षरांत कन्नड उमटलं, "ऊट आयता पप्पा?" जेवण झालं का. मामानं काही लिहिलं नाही. फक्त आपल्या ट्रकचे पुढचे दिवे एकदा लुकलुकवले, डिपर मारला. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी बघतच राहिलो, तेव्हा तो म्हणाला, "बोललो न्हाय. फोन केला न्हाय. दारात गेलो न्हाय. रस्त्यानं गाडी चालवतोय नुसती. शब्द कुटं मोडला?"

धन्य तो माणूस. पण दर रविवारी हे चाललं. सुमा लिहायची, हा डिपर मारायचा. गुडघा दुखतोय का, गोळी घेतली का, कारखान्यात सगळं ठीक आहे का. दिवस गेलेत हेही तिनं तिथंच सांगितलं. मामानं इतके डिपर मारले की समोरून येणारा कुणी परका ट्रकवाला खाली उतरला खड्ड्यात. हे सांगताना मामा हसत होता आणि डोळे पुसत होता.

मग गेमच्या कंपनीनं नवा नियम आणला. लबाडी करून जिंकणाऱ्यांना पकडण्यासाठी एक पहारेकरी बसवला, आणि त्या पहारेकऱ्याला लिनक्स कळेना. वाइनमधून आत आलेला दिसला की हा लबाड. रविवारी मामानं गेम उघडला तर पडद्यावर लाल चौकट : फसवणूक केल्याबद्दल तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. मामानं मला बोलावून ते दोनदा वाचायला लावलं. मी कंपनीला शिव्या घालत होतो, तक्रार लिहीत होतो. तो मात्र पांढराफटक पडला होता. खालच्या आवाजात म्हणाला, "आपण अण्णांना फसवतोय, हे त्यांला कसं कळलं रे?"

मी कपाळाला हात लावला. परोपरीनं समजावलं की कंपनीला ना अण्णा माहीत ना सुमा. डोक्यात शिरेना. तक्रारीला उत्तर आलं, तेही यंत्रानंच लिहिलेलं : निर्णय अंतिम आहे. मी माझा लॅपटॉप घेऊन गेलो, म्हटलं नव्या नावानं खेळ. तो म्हणाला, नाव बदलून जायचं म्हणजे चोरच झालो की. सुमानं माझ्याकरवी दुसरा गेम सुचवला, त्यालाही मान हलवली. एकदा पकडला गेलेला माणूस पुन्हा तेच करतो का, असा त्याचा हिशेब. एकदाच धीर करून तो कारखान्यात अण्णांच्या खोलीत गेला, शब्द परत मागायला. अण्णांनी मान वर करून विचारलं, काय रे? आणि हा म्हणाला, "सूत आलं न्हाय अजून." परत आला. मला सांगताना स्वतःच्याच गालात मारून घेतली.

अण्णा मागच्या हिवाळ्यात गेले. दिवसकार्य झाल्यावर मी मामाला म्हटलं, आता तरी जा बाबा, नात सहा महिन्यांची झाली. तो अंगणात बसला होता, हात अजून मागंच. म्हणाला, "अण्णा असते तर कदी तरी शब्द परत दिला असता. आता कुणाकडं मागू?" मी वकिलाचा कारकून आहे, लोकांना दिवसभर वाटा सांगतो. इथं वाट नव्हती.

शेवटी मी माझ्या फोनवरून सुमाला फोन लावला आणि स्पीकर चालू करून फोन त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला. फोन मी केलाय, तू नाही, असं म्हटलं. सुमा दोनदा हॅलो म्हणाली. मग तिला काय समजायचं ते समजलं. म्हणाली, पप्पा, तुम्ही बोलू नका, मी बोलते. आणि बोलत सुटली. पुण्यातलं पाणी, जावयाची बदली, रात्रभर न झोपणारी पोर. मामा फोनकडं एकटक बघत होता, ओठ घट्ट मिटलेले. हे मला बघवेना, म्हणून मी फोन उचलायला हात घातला, तर त्यानं माझं मनगट असं धरलं की मला हलता येईना. माझ्या फोनची बॅटरी संपली, तेव्हा सुमा पोरीच्या पहिल्या दाताबद्दल सांगत होती, आणि मामा नुसतं हूंसुद्धा म्हणाला नव्हता.